भुकेल्याचे स्वातंत्र्य आणि थॉमस पेनचा हिशेब

महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्रात थॉमस पेन हे नाव आपण सर्वांनीच वाचलेले आहे. १८४७ साली वीस वर्षांच्या जोतीरावांच्या हाती त्याचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ पडला, एवढे सांगून आमचे वक्ते पुढच्या मुद्द्याकडे वळतात. पेन मात्र त्या एका वाक्यातच अडकून पडतो. त्याला आज बाहेर काढण्याचे कारण असे की, १९९१ पासून या देशात ‘खाउजा’चे जे कीर्तन चालू आहे, त्यातले काही विद्वान कीर्तनकार पेनला आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा करतात. सरकारकडे संशयाने पाहणारा, व्यक्तीच्या स्वातंत्र्यात सरकारने कमीत कमी ढवळाढवळ करावी असे मानणारा हा माणूस होता, तेव्हा गरिबाला आधार देणे हे सरकारचे काम नव्हे, असा निष्कर्ष ते काढतात. साक्षीदाराची अर्धी जबानी वाचायची आणि उरलेली दडपायची, ही जुनीच चाल आहे.

पेन इंग्लंडातील थेटफर्ड गावी १७३७ मध्ये जन्मला. बाप कॉर्सेट नावाच्या घट्ट चोळ्या शिवणारा कारागीर. तेराव्या वर्षाच्या सुमारास पोराची शाळा सुटली आणि तो बापाच्या हाताखाली सुई-दोऱ्याला लागला. पुढे अबकारी खात्यात नोकरी मिळाली. पगार वर्षाला ५० पौंड. त्यातून कर कापला, फिरतीसाठी पाळावा लागणाऱ्या घोड्याचा खर्च वजा केला की हातात उरत ते सुमारे ३२ पौंड. १७७२ साली त्याने आपल्या खात्यातील लोकांसाठी पगारवाढीचे निवेदन लिहिले. उपाशी पोटी ठेवलेल्या माणसाकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा कशी करता, हा त्यातला सवाल होता. त्या हिवाळ्यात त्याने लंडनमध्ये पार्लमेंटच्या सभासदांचे उंबरे झिजवले. पदरी काही पडले नाही. १७७४ मध्ये नोकरी गेली, घरातले सामान आणि दुकान लिलावात निघाले. सदतिसाव्या वर्षी आजारी अवस्थेत तो अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला.

तेथून पुढचा पेन जगाला ठाऊक आहे. जानेवारी १७७६ मध्ये ‘कॉमन सेन्स’ने अमेरिकनांना राजाचे जोखड झुगारायला शिकवले. १७९१ व १७९२ मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’चे दोन भाग आले. इंग्रज सरकारने खटला भरला आणि त्याच्या गैरहजेरीत त्याला दोषी ठरवले. तोपर्यंत तो फ्रान्समध्ये पोचून, फ्रेंच भाषा येत नसताना, तेथील राष्ट्रीय परिषदेवर निवडून आला होता. राजेशाही नको, पण राजाचे डोके उडवू नका, असे तेथे सांगण्याची हिंमत त्याने केली. त्याची किंमत मोजावी लागली. १७९३ च्या डिसेंबरात त्याला तुरुंगात टाकले गेले आणि तेथे तो जवळजवळ दहा महिने मरणाच्या दारात पडून होता.

आता मुक्त बाजारवाल्यांचे जे खरे आहे ते त्यांना देऊन टाकू. कामगारांची मजुरी दाबून ठेवणाऱ्या कायद्यांना पेनचा विरोध होता. जमीनदार आपले घर हवे त्या भाड्याने देतो, मग मजुराला आपल्या श्रमाचा भाव ठरवायला बंदी का, असे तो विचारत असे. व्यापाराचा तो चाहता होता. त्याला समाजवादी म्हणणे हा अन्याय होईल. पण ‘राइट्स ऑफ मॅन’च्या दुसऱ्या भागातले पाचवे प्रकरण उघडा. तेथे हाच माणूस पाटी-पेन्सिल घेऊन बसला आहे. लष्कर, आरमार आणि दरबारी नेमणुका यांवरचा खर्च छाटायचा, आणि वाचलेल्या पैशातून गरीब कुटुंबातील चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ४ पौंड द्यायचे, ते मूल शाळेत जाईल या अटीवर. पन्नाशी ओलांडलेल्या गरजूला ६ पौंड आणि साठीनंतर १० पौंड. बाळंतपणाला मदत, लग्नाला मदत, आणि लंडनमध्ये बेकारांसाठी काम व निवारा. मोठ्या इस्टेटींवर चढता कर. त्या काळी इंग्लंडात गरिबांना मदत मिळे ती ज्याच्या त्याच्या गावच्या पॅरिशकडून, तीही तुकडा टाकल्यासारखी. पोटासाठी परगावी गेलेल्याला गावाबाहेर हाकलून मूळ गावी धाडण्याचीही सोय कायद्यात होती. पेनला हे सारे मोडायचे होते.

तुरुंगातून सुटल्यावर तो आणखी पुढे गेला. १७९५-९६ च्या हिवाळ्यात लिहिलेले ‘ॲग्रेरियन जस्टिस’ त्याने १७९७ मध्ये छापले. छापण्याची घाई का, तर वॉटसन नावाच्या एका बिशपच्या प्रवचनाची जाहिरात त्याच्या पाहण्यात आली. श्रीमंत आणि गरीब असे दोन्ही निर्माण करण्यात देवाचे शहाणपण आहे, असा त्या प्रवचनाचा विषय! पूर्वजन्मीच्या कर्माचा हवाला ऐकत वाढलेल्या आमच्या वाचकांना हा बिशप अनोळखी वाटणार नाही.

पेनचे उत्तर असे: जमीन मुळात सर्वांची. लागवड करणाऱ्याने तिच्यात जी सुधारणा केली तेवढीच त्याची. म्हणून प्रत्येक जमीनमालक समाजाचे भुईभाडे लागतो. मालक मेला की त्याच्या मालमत्तेतून सुमारे दहावा हिस्सा राष्ट्रीय निधीत जमा करायचा. त्यातून एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला १५ पौंड, आणि पन्नाशीनंतर मरेपर्यंत दरसाल १० पौंड द्यायचे. पुरुषाला तसेच स्त्रीला, गरिबाला तसेच श्रीमंतालाही. ज्याला नको असेल त्याने परत निधीत टाकावे. हे दान नाही, हिरावलेल्या वाट्याची भरपाई आहे, म्हणून कोणाची गरिबी तपासायचे कारणच उरत नाही.

आम्हाला ही योजना अपुरी वाटते. थॉमस स्पेन्स या त्याच्याच काळातील जहाल सुधारकाने त्याच वर्षी पेनला सुनावले की, मूठभर पौंड देऊन जमीन मालकांच्याच हाती ठेवलीस. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हा प्रश्न मुळापासून हाती घेतला. शेती राज्याच्या मालकीची, विमा राज्याकडे आणि प्रत्येक प्रौढाला सक्तीचा. यामागे पुस्तकी समाजवाद नव्हता, अनुभव होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ सालीच झाला होता. तरीही १९२७ मध्ये महाडला जावे लागले, आणि पाण्याला हात लावणाऱ्यांवर गावोगाव बहिष्काराचे हत्यार उगारले गेले. बाबासाहेब ज्या समितीचे सदस्य होते त्या स्टार्ट समितीनेही १९३० च्या अहवालात या हत्याराची दखल घेतली. ज्याची भाकरी पाटलाच्या शेतावर अवलंबून, त्याने हक्क बजावायचा तो कशाच्या बळावर? राज्याने अंग काढून घेतले की मोकळीक मिळते ती भाडे वाढवणाऱ्याला आणि मजुरी कापणाऱ्याला, हे बाबासाहेबांनी त्या निवेदनात स्पष्ट करून ठेवले आहे.

पेन ८ जून १८०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये मेला. धर्मसत्तेवर टीका केल्यामुळे सारे दुरावले होते. क्वेकरांनी आपल्या दफनभूमीत जागा नाकारली, अंत्ययात्रेला मोजकी माणसे होती. दहा वर्षांनी विल्यम कॉबेटने त्याची हाडे उकरून इंग्लंडला नेली आणि तीही पुढे गहाळ झाली. त्याच्या मृत्यूनंतर शंभराव्या वर्षी, १ जानेवारी १९०९ पासून, इंग्लंडात सरकारी वृद्धापकाळ पेन्शन सुरू झाली. सत्तरी गाठलेल्यांना, उत्पन्नाची छाननी करून, आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग.

आमच्याकडे ती छाननी अजून चालू आहे. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरण्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, वयाचा दाखला घेऊन तहसील कचेरीच्या पायरीवर बसलेल्या आयाबाया आमच्या कार्यकर्त्यांना रोज भेटतात. अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो, आणि समितीत कोण बसते हे सांगायला नको. या रांगेत उभे राहणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या अभ्यासवर्गात ‘राइट्स ऑफ मॅन’चे ते पाचवे प्रकरण आणि ‘ॲग्रेरियन जस्टिस’ जरूर वाचायला घ्यावे, आणि सोबत ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ ठेवावे.