चित्रकार नंदलाल बसू

आमच्या चित्रकलेच्या वर्गांत लिनोलियमवर चित्र कोरण्यास आरंभ झाला, त्या दिवशीं एका विद्यार्थ्याची कोरणी निसटली आणि चित्रांतल्या शेतकऱ्याचा हातच नाहींसा झाला. एकदां कोरलेलें पुन्हां भरून निघत नाहीं, हें पाहून तो अगदीं हिरमुसला. त्याच्यासाठीं, आणि एकदां हुकलें म्हणजे सर्वच हुकलें असें मानणाऱ्या सर्वांसाठीं, भारताच्या एका थोर चित्रकाराचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नंदलाल बसू यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजीं बिहारमधील मोंगीर जिल्ह्यांत खरगपूर या गांवीं झाला. त्यांचे वडील दरभंग्याच्या राजांच्या नोकरींत होते. आई बाहुल्या व खेळणीं करण्यांत कुशल होती. गांवचे कुंभार मूर्ति घडवीत, तें पाहण्यांत नंदलाल रमून जात, व स्वतःही मातीचीं चित्रें करूं लागत.

पुढें विद्याभ्यासासाठीं ते कलकत्त्यास आले. १९०२ सालीं प्रवेशपरीक्षा उतरल्यावर त्यांनीं जनरल असेंब्लीज या मिशनच्या कॉलेजांत नांव घातलें, परंतु एफ. ए. च्या परीक्षेंत ते अनुत्तीर्ण झाले. दुसऱ्या कॉलेजांत गेले, तेथेंही यश लाभलें नाहीं. पाठ्यपुस्तकांसाठीं मिळालेला पैसा सचित्र मासिकांच्या खरेदींत जाई. वाणिज्य शाखेचाही प्रयत्न करून झाला. एव्हांना त्यांचा विवाह झालेला होता. तेव्हां घरच्या मंडळींना काळजी वाटली असल्यास नवल नाहीं. शेवटीं १९०५ च्या सुमारास आपलीं चित्रें घेऊन ते सरकारी कलाशाळेंत गेले. तेथील प्रमुख हॅवेलसाहेब व गुरु अवनींद्रनाथ ठाकूर यांनीं त्यांच्यांतील गुण ओळखला. ज्या मनाला एफ. ए. चा अभ्यास पेलला नाहीं, तें येथें रात्रंदिवस श्रम करूं लागलें. १९०८ सालीं त्यांच्या शिवसतीच्या चित्रास ५०० रुपयांचें बक्षीस मिळालें. त्या पैशांतून त्यांनीं देशाटन केलें. १९०९-१० च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांच्या मंडळींबरोबर आपल्या अजिंठ्यास राहून त्यांनीं लेण्यांतील चित्रांच्या नकला उतरविल्या.

रवींद्रनाथांनीं शांतिनिकेतनांत १९१९ सालीं कलाभवन स्थापिलें. त्याची धुरा पुढें नंदलालांकडे आली व १९५१ पर्यंत त्यांनीं ती वाहिली. आम्हां शिक्षकांना त्यांच्या चरित्रांतील हाच भाग विशेष आदरणीय वाटतो. कीर्ति मिळाल्यावरही त्यांनीं विद्यार्थीपण सोडलें नाहीं. १९२२ च्या सुमारास आंद्रे कार्पेलेस या फ्रेंच चित्रकर्त्री तेथें आल्या व लाकडावर कोरून छापण्याचे धडे सुरू झाले. १९२४ सालीं नंदलाल रवींद्रनाथांबरोबर चीन व जपान येथें गेले व तेथील छापचित्रांची कला त्यांनीं डोळे भरून पाहिली. वयाच्या चाळिशीनंतर, शिष्यांच्या पंक्तीस बसून, त्यांनीं हातीं कोरणी धरली.

लिनोलियम म्हणजे जवसाचें तेल व बुचाचा भुगा यांपासून केलेलें, जमिनीवर अंथरण्याचें जाड आच्छादन. लाकडास जशा शिरा असतात तशा यास नसतात. म्हणून कोरणी वाटेल त्या दिशेनें वळते. जें कोरून टाकावें तें कागदावर पांढरें राहतें, व जें राखावें तेवढ्यासच रुळाची शाई लागते. शिवाय चित्र उलटें उमटतें. म्हणून उजव्याचें डावें होणार हें आधींच ध्यानीं धरावें लागतें. काय ठेवावें व काय टाकावें, याचा निर्णय हात चालण्यापूर्वींच झाला पाहिजे.

१९३० सालीं महात्माजी दांडीस चालत निघाले, तेव्हां नंदलालांनीं असेंच एक चित्र कोरलें. काळी भूमि, तीवर मोजक्या पांढऱ्या रेषा, आणि काठी टेकीत पुढें पाऊल टाकणारे बापूजी! शोभेची एकही रेषा नाहीं. म्हणूनच तें चित्र देशाच्या अंतःकरणांत ठसलें. त्याच वर्षीं रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बालपुस्तकासाठीं त्यांनीं लिनोलियमवर चित्रें केलीं. बंगालमधील मुलांच्या अनेक पिढ्या तीं पाहत अक्षरें शिकल्या. १९३६ सालीं खानदेशांतील फैजपूर येथें काँग्रेस भरली, तेव्हां तिचें नगर बांबू व गवत अशा खेड्यांतल्याच साहित्यानें त्यांनीं सजविलें. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीचें चित्रकामही त्यांच्याच देखरेखीखालीं झालें. १९५४ सालीं त्यांना पद्मविभूषण हा बहुमान मिळाला आणि १६ एप्रिल १९६६ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

नापास होणें हा कांहीं सद्गुण नव्हे, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. नंदलाल थोर झाले ते नापास झाल्यामुळें नव्हे, तर आपलें खरें काम सांपडल्यावर त्यांनीं त्यांत कसूर केली नाहीं म्हणून. पालकांसही आमची नम्र विनंती आहे कीं, गुणपत्रक पाहतांना मुलाचे हातही एकदां पाहावे. ते कशांत रमतात हें त्या कागदावर लिहिलेलें नसतें.

त्या विद्यार्थ्यानें आतां लिनोलियमचा दुसरा तुकडा मागून घेतला आहे, व या वेळीं तो कोरण्यापूर्वीं बराच वेळ विचार करीत बसतो, हें सांगण्यास आम्हांस आनंद वाटतो.