फादर थॉमस स्टीफन्स : संकटकाळातील श्रद्धा आणि मराठी पोथी

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्थान ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून निश्चित झालेले आहे. त्यांचे भाषाप्रभुत्व, त्यांची ओवीरचना आणि त्यांच्यावरील संतवाङ्मयाचा प्रभाव यांविषयी विपुल लेखन झाले आहे. तथापि ज्या जीवनक्रमातून हा ग्रंथ सिद्ध झाला, त्याची ग्रंथाच्या प्रयोजनाशी असलेली संगती तितक्या बारकाईने तपासली जात नाही. स्टीफन्स यांचे तारुण्य अशा देशात गेले, की जेथे कॅथॉलिक श्रद्धा बाळगणे हाच संशयाचा विषय होता. त्यांचे उत्तरायुष्य मात्र तीच श्रद्धा राज्यसत्तेची श्रद्धा असलेल्या प्रदेशात व्यतीत झाले. या दोन परस्परविरुद्ध परिस्थितींतून त्यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहिला : बाह्य आधार नाहीसे झाल्यावर माणसाची देवावरील निष्ठा कशाच्या बळावर टिकते? ‘क्रिस्तपुराण’ हे या प्रश्नाचे वाङ्मयीन उत्तर मानता येते.

स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात बुश्टन या गावी एका व्यापाऱ्याच्या कुटुंबात झाला. ते दहा वर्षांचे होण्याच्या सुमारास, १५५९ मध्ये, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राजवटीतील नव्या कायद्यांनी इंग्लंडच्या धर्मसंस्थेवर राणीचे वर्चस्व प्रस्थापित केले आणि मिस्साविधी बेकायदेशीर ठरविला. १५७० मध्ये पोपने राणीला बहिष्कृत केले. त्यानंतर रोमशी निष्ठा आणि राजद्रोह यांतील सीमारेषा पुसट होत गेली. सार्वजनिक उपासनेचे स्थान हिरावले गेल्याने जुन्या धर्माचे आचरण घराच्या चार भिंतींत, विश्वासू माणसांच्या सोबतीने आणि स्मरणाच्या आधाराने करावे लागे.

या काळात टॉमस पाउंड या धनिक कॅथॉलिक गृहस्थाशी स्टीफन्स यांचा निकटचा स्नेह जडला. त्याचा सेवक म्हणून वावरत स्टीफन्स यांनी त्याच्यासमवेत काही काळ प्रवास केला. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरविले होते. परंतु प्रस्थानापूर्वीच पाउंड पकडला गेला. त्याच्या आयुष्याची पुढील सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये त्यांनी संघप्रवेश केला. मित्राचा त्यांना विसर पडला नाही. पाउंडच्या निष्ठेची हकिकत त्यांनी १५७८ मध्ये वरिष्ठांपुढे लेखी सादर केली आणि त्या बंदिवानाला त्याच्या अनुपस्थितीतच संघात स्वीकारण्यात आले. देवालय, धर्मगुरू व सोबती यांपासून तुटलेला मनुष्यही श्रद्धावंतांच्या समुदायाचा घटक राहू शकतो, हा अनुभव स्टीफन्स यांनी अशा प्रकारे भारतात येण्यापूर्वीच जवळून घेतला होता.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. या सहा महिन्यांहून अधिक काळच्या जलप्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना पाठविलेल्या पत्रात केले आहे. गलबतावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली; तरीही त्या काळच्या मानाने ही हानी अल्पच समजली गेली, असा तपशील त्यात येतो. स्वदेशी ते पुन्हा कधीच परतले नाहीत. आयुष्याची उरलेली सुमारे चाळीस वर्षे त्यांनी गोव्यात, मुख्यतः साष्टी प्रांतात, धर्मकार्यात घालविली.

साष्टीतील परिस्थिती इंग्लंडच्या नेमकी उलट होती. येथे कॅथॉलिक धर्माला पोर्तुगीज सत्तेचे पाठबळ होते आणि यातना सोसाव्या लागत होत्या त्या स्थानिक हिंदू समाजाला. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायासन स्थापन झाले. १५६७ मध्ये साष्टीतील देवळांचा मोठ्या प्रमाणावर विध्वंस झाला. या संघर्षाचा स्फोट १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे झाला. चर्चसाठी जागा पाहण्यास गेलेले पाच येशूसंघीय आणि त्यांच्यासोबतचे काही लोक ग्रामस्थांच्या हल्ल्यात मारले गेले. त्यांत अकबराच्या दरबारी जाऊन आलेले रुदोल्फो आक्वाव्हीवा हेही होते. विहिरीत टाकलेले मृतदेह मिळवून त्यांचे दफन करण्याच्या कामी स्टीफन्स यांचा सहभाग होता. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांतील प्रमुखांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार केले. स्टीफन्स यांचे चरित्र लिहिताना या घटनेची एकच बाजू सांगणे अन्यायाचे ठरेल. स्वदेशी छळाचे भय अनुभवलेला हा धर्मोपदेशक येथे छळ करणाऱ्या सत्तेच्या छायेत वावरत होता. त्यांच्या जीवनातील हा विरोधाभास झाकता येत नाही.

लक्षणीय बाब अशी की, कुंकळ्ळीच्या घटनेनंतर अवघ्या तीन महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, पॅरिस येथील बंधू रिचर्ड यांना लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स येथील भाषांचा विचार करताना दिसतात. या भाषांच्या रचनेचे ग्रीक व लॅटिन भाषांशी असलेले साम्य त्यांनी त्यात नोंदविले. भाषा हे त्यांच्या दृष्टीने केवळ उपदेशाचे साधन राहिले नव्हते. त्यांनी कोकणीचे व्याकरण रचले. १६०८ मध्ये संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून त्यांनी येथील लिपीचे खिळे तयार करण्याची अनुमती मागितली, परंतु ही योजना सिद्धीस गेली नाही. परिणामी १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेलेले ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत अवतरले.

ग्रंथाचे प्रयोजन पहिल्याच अवस्वरूत प्रकट होते. ख्रिस्ती शिकवणुकीचा वर्ग चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींपुढे आपली उणीव मांडतो : पूर्वीची पुराणे सोडावी लागली, त्यांच्या जागी मन रमविणारे काही मिळाले नाही. ही तक्रार स्टीफन्स यांनी प्रामाणिकपणे ग्रंथात नोंदविली, हे महत्त्वाचे आहे. धर्मांतराने या लोकांची केवळ दैवते गेली नव्हती. श्रवणाची, पाठांतराची आणि एकत्र बसून ओवी ऐकण्याची रीतही गेली होती. रत्नागिरीपासून साष्टीपर्यंतच्या किनारपट्टीत घराघरांतील बोली निराळी असली, तरी पोथीची भाषा मराठी होती. स्टीफन्स यांनी तीच भाषा आणि तोच ओवीछंद स्वीकारला. दोन पुराणांत विभागलेल्या सुमारे अकरा हजार ओव्यांतून त्यांनी सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सांगितली. स्वर्गाला वैकुंठ हा परिचित शब्द योजून परकी कथा श्रोत्यांच्या कानाला आपली केली.

१६१९ मध्ये स्टीफन्स यांचे गोव्यात निधन झाले. १६४९ व १६५४ मध्ये ग्रंथाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. मात्र १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला आणि जी सत्ता या श्रद्धेची पाठीराखी म्हणविली जात होती, तीच श्रद्धाळूंच्या भाषेची वैरीण झाली. मुद्रणाचा आधार तुटल्यावर ग्रंथ हस्तलिखितांच्या आणि पठणाच्या रूपाने जगला. गोव्यातून कानडा प्रांतात स्थलांतरित झालेल्या कुटुंबांनी तो सोबत नेला. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने तेथील हजारो ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेले. त्यांची चर्चे पाडली गेली आणि धर्मगुरू हद्दपार झाले. १७९९ पर्यंत चाललेल्या या बंदिवासात ‘क्रिस्तपुराणा’च्या ओव्यांनी लोकांची श्रद्धा तगविली, अशी त्या समाजाची परंपरा आहे.

या परंपरेतील प्रत्येक तपशील कागदपत्रांनी सिद्ध करणे कठीण असले, तरी तिचा आशय स्टीफन्स यांच्या जीवनक्रमाशी जुळणारा आहे. पाउंडच्या तुरुंगात जे घडले, तेच श्रीरंगपट्टणला एका समाजाच्या वाट्याला आले : उपासनेची स्थाने गेली, मुखोद्गत शब्द तेवढे उरले. साष्टीत मात्र ज्यांच्या पोथ्या आणि देवळे गेली, त्यांच्या दुःखाचे पूर्ण उत्तर या ग्रंथापाशी नाही, हेही तितकेच खरे. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथे ‘क्रिस्तपुराण’ पुन्हा छापले, ते तेथील कुटुंबांनी जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारे. सत्तेच्या आश्रयाने छापलेली पोथी अखेरीस आश्रय नसलेल्या माणसांच्या हातांतून मराठी वाङ्मयाकडे परत आली.