पुन्हा जोखडाखाली नको

वाचन : गलतीकरांस पत्र 5:1-6



आजच्या भागात पौल सांगतो की ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलंय, आता मान पुन्हा जोखडात घालू नका. गलतीच्या मंडळीत काही जण म्हणत होते की विश्वास ठीक आहे, पण आधी सुंता करा. आमच्या कुंडलला जोखड समजावून सांगावं लागत नाही. औत सुटलं तरी बैलाच्या खांद्यावरचा घट्टा राहतोच. माणसाच्या मनाचंही तसंच असतं.

हे वाचताना मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. कोकणातल्या करजगावचे हे चित्पावन ब्राह्मण, कवी. 1893 च्या सुमारास नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि तिथेच अडकले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी घर तुटलं. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या.

काही वर्षांनी त्या नगरला टिळकांकडे आल्या, पण सोवळं घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळक स्वभावाने तापट, तरी या बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्याच मनात आलं की जात देवाने केली की माणसाने? त्या विचाराने सोवळं गळून पडलं. 1900 मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

टिळकांना दुसरं जोखडही दिसलं. ख्रिस्ती झालं म्हणजे चाली, रीती, गाणं सगळं साहेबाचं घ्यायचं! ते तर मानत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. म्हणून त्यांनी अभंग, ओव्या लिहिल्या, उपासनेत भजन-कीर्तन आणलं. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला, आपल्या साताऱ्यात येऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे तिथे भाऊ. बाप्तिस्म्याची किंमत त्यांना कमी वाटत नव्हती, त्यासाठी त्यांनी घर पणाला लावलं होतं. पण दारात उभ्या असलेल्याला ते हाकलत नव्हते. 9 मे 1919 ला मुंबईत ते प्रभूकडे गेले. दरबार पुरता उभा राहण्याआधीच.

आता माझं सांगते. माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी आमच्याबरोबर प्रार्थनेला बसायच्या. येशूचं नाव घेताना त्यांचे डोळे भरून यायचे. बाप्तिस्मा झालेला नाही आणि एकादशी सुटलेली नाही. गेल्या महिन्यात मी म्हणाले, आत्या, असं दोन्हीकडं चालत नाही, आधी उपास सोडा. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेच्या वेळी त्या गोठ्यात काम काढू लागल्या.

टिळकांनी जे बायकोला केलं नाही, ते मी सासूला केलं. ज्याने मला फुकट सोडवलं, त्याच्या नावाने मी दुसऱ्याच्या मानेवर जोखड ठेवलं. पौल म्हणतो की प्रीतीतून काम करणारा विश्वास, तेवढाच कामाचा. माझ्या बोलण्यात नियम होता, प्रीती नव्हती.

काल गोठ्यात जाऊन त्यांची माफी मागितली. त्यांनी नुसती मान हलवली. आज येतील की नाही, ठाऊक नाही. चटई मात्र त्यांच्या जागी घातली आहे.

तुमच्या घरात अशी कुणाची जागा रिकामी झाली आहे का?

प्रार्थना : प्रभू येशू, तू मला मोकळं केलंस. माझ्यामुळे कुणाच्या मानेवर ओझं पडलं असेल, तर ते उतरवायला मला नम्र कर. आमेन.