बेड्यांना पर्याय शोधणारा चहाचा व्यापारी

१७९० सालच्या मार्च महिन्यात इंग्लंडमधील यॉर्क शहराच्या वेड्यांच्या इस्पितळात हॅना मिल्स नावाची एक विधवा दाखल झाली. ती लीड्सची आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाची होती. तिची विचारपूस करण्यासाठी गेलेल्या पंथातील मंडळींना इस्पितळाने भेट नाकारली. जेमतेम दीड महिन्यात हॅना मरण पावली. त्या बंद दाराआड काय घडले, हे कोणालाच कळले नाही. या मृत्यूने अस्वस्थ झालेल्यांमध्ये विल्यम ट्यूक हे यॉर्कमधील चहा-कॉफीचे व्यापारी होते.

ट्यूक यांचा जन्म १७३२ चा. ते डॉक्टर नव्हते. तो काळ असा होता, की मनोरुग्ण म्हणजे विवेक गमावलेला पशू, असे मानून त्याला साखळदंडाने बांधले जाई, उपाशी ठेवले जाई, त्याचे रक्त काढले जाई. खुद्द राजे तिसरे जॉर्ज यांनाही १७८८ मधील आजारपणात करकचून बांधून ठेवण्यात आले होते. मग सामान्यांची काय कथा!

क्वेकरांसाठी स्वतंत्र रुग्णालय असावे, असा प्रस्ताव ट्यूक यांनी १७९२ मध्ये पंथाच्या सभेपुढे ठेवला. प्रारंभी त्याला विरोधच झाला. तथापि, व्याकरणकार लिंडली मरे यांच्यासारख्यांची साथ मिळाली, वर्गणी जमली आणि १७९६ मध्ये यॉर्कच्या वेशीबाहेर सुमारे तीस रुग्णांची सोय असलेले 'रिट्रीट' उभे राहिले. नाव मुद्दामच 'असायलम' ठेवले नाही. रिट्रीट म्हणजे विसाव्याची जागा.

या वास्तूत तुरुंगाची खूण दिसू नये, याची दक्षता घेण्यात आली. खिडक्यांच्या चौकटी लोखंडी होत्या, पण रंगवल्या होत्या लाकडासारख्या. अंगणात ससे, कोंबड्या होत्या. आपल्याहून दुबळ्या जिवाची काळजी घेताना माणूस सावरतो, असा त्यामागचा विश्वास होता. रुग्ण बागकाम, शिवणकाम करीत. नीटनेटके कपडे घालून चहापानाला बसत. पहिले वैद्य थॉमस फाउलर यांनी त्या काळची प्रचलित औषधे वापरून पाहिली. मात्र बहुतेक निरुपयोगी ठरली. त्यापेक्षा कोमट पाण्याचे स्नान, पोटभर अन्न आणि सौजन्याची वागणूक यांचाच गुण अधिक आला. साखळदंड येथे निषिद्ध होते. बांधून ठेवण्याचे उपाय पूर्णतः सुटले नाहीत, परंतु ते अपवादापुरते उरले.

१८१३ मध्ये विल्यम यांचे नातू सॅम्युअल ट्यूक यांनी रिट्रीटचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ही सौम्य पद्धत म्हणजे आपल्यावरील अप्रत्यक्ष टीकाच आहे, असे वाटून यॉर्कच्या जुन्या इस्पितळाच्या डॉक्टरांनी वर्तमानपत्रातून प्रतिहल्ला चढवला. हा वाद त्यांच्याच अंगाशी आला. चौकशीचा रेटा वाढला. वर्षअखेरीस इस्पितळाला आग लागून रुग्ण दगावले. पुढच्या वर्षी दंडाधिकारी गॉडफ्रे हिगिन्स यांनी पाहणी केली, तेव्हा दडवून ठेवलेल्या, घाणीने बरबटलेल्या कोठड्या उजेडात आल्या. हॅनाच्या मृत्यूनंतर सुमारे चोवीस वर्षांनी ते दार उघडले होते. १८१५ मध्ये संसदेची चौकशी समिती नेमली गेली. त्र्याऐंशी वर्षांच्या विल्यम यांनीही तिच्यासमोर साक्ष दिली. ६ डिसेंबर १८२२ रोजी त्यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली होती.

त्यांच्या कार्यावर आक्षेपही घेतले गेले. साखळ्या काढल्या, पण त्यांच्या जागी अपराधभावाचे आणि सततच्या नजरेचे बंधन आले, असे फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी १९६१ मध्ये प्रतिपादन केले. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. तरीही रिट्रीट पाहून इंग्लंड-अमेरिकेत अनेक रुग्णालये त्या धर्तीवर उभी राहिली, हे वास्तव आहे. यॉर्कमधील त्या वास्तूतील निवासी रुग्णसेवा २०१८ मध्ये थांबली. मात्र मनोरुग्णाच्या भेटीला आलेल्या आप्तांना दारातून परत पाठवले जाते, तेव्हा आत काय चालले असेल, हा हॅनाच्या मृत्यूने उभा केलेला प्रश्न कालबाह्य झालेला नाही.