घाम फुटला म्हणजे गुन्हेगार? भारतरत्न काणेंनी अभ्यासलेला जुना कायदा काय सांगतो

पोलिसांनी प्रश्न विचारला आणि समोरच्याला दरदरून घाम फुटला, म्हणजे गुन्हा त्यानेच केला का? क्रिमिनल सायकॉलॉजीतला हा आजही चर्चेतला प्रश्न. पण आपल्याकडच्या जुन्या कायद्याच्या पोथ्यांमध्येही तो आलाय, आणि त्या पोथ्यांवर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माणसाने अख्खं आयुष्य घालवलं. पांडुरंग वामन काणे त्यांचं नाव.

७ मे १८८० चा जन्म, चिपळूणजवळचा. वडील दापोलीला वकिली करायचे. दापोलीच्या मिशन शाळेतून मॅट्रिक झाल्यावर काणे मुंबईला विल्सन कॉलेजात गेले. एम.ए. झाल्यावर रत्नागिरीच्या सरकारी हायस्कूलमध्ये मास्तरकी केली. पुढे १९११ पासून मुंबई हायकोर्टात वकिली आणि मग लॉ कॉलेजात प्राध्यापकी.

१९२६ मध्ये त्यांनी 'व्यवहारमयूख' हा न्यायदानावरचा संस्कृत ग्रंथ संपादित केला. त्याला धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडायचा विचार होता. ती प्रस्तावना वाढत वाढत पाच खंडांची झाली! पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा आणि पानं साडेसहा हजारांच्या आसपास. मधल्या काळात, १९३३ साली, हरवलेल्या कात्यायनस्मृतीचे न्यायदानावरचे श्लोक इतर ग्रंथांतून वेचून त्यांनी वेगळं पुस्तक केलं ते निराळंच.

१९४६ च्या तिसऱ्या खंडात खटला, पुरावा, साक्षीदार हे सगळं येतं. खोटं बोलणारा कसा ओळखावा याची यादीच याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. तो एका जागी थांबत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, कपाळावर घाम येतो, चेहऱ्याचा रंग उडतो, तोंडाला कोरड पडते, बोलताना अडखळतो. आजच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात हेच दिसेल.

खरी गंमत पुढे आहे. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' ही टीका आहे. ती सुमारे नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली गेली, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला. विज्ञानेश्वर बजावतो की ही लक्षणं फक्त संशय घ्यायला पुरेशी आहेत, दोष सिद्ध करायला नाहीत. कारण एखाद्याचा स्वभावच घाबरट असतो आणि मूळची घबराट कोणती व खोटेपणाची कोणती हे कळणं अवघड. निर्दोष माणूसही कोर्टात थरथरतोच की! नुसत्या चेहऱ्यावरून निकाल दिला तर तो हकनाक अडकणार.

काणे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेत गेले. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं आणि १९७२ मध्ये ते गेले. पुढे २०१० साली सेल्वी खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की लाय डिटेक्टर किंवा नार्को टेस्ट कुणावरही सक्तीने करता येणार नाही.