जमिनीखाली दिसणारे विमान

धुक्यात विमान उतरवताना वैमानिकाचा पहिला शत्रू त्याच्या स्वतःच्या कानात असतो. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव शरीराचा तोल सांभाळतो. पण विमान बराच वेळ एकाच संथ गतीने वळत राहिले, की तो द्रव स्थिरावतो आणि मेंदूला वाटते, आपण सरळच चाललो आहोत. डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तर चूक लगेच कळते. ढगात ती कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या तोफांतून सुटून परतलेली कित्येक विमाने स्वतःच्याच तळाजवळ, न दिसणाऱ्या धावपट्टीच्या शोधात कोसळली.

या प्रश्नाला हात घालणारे लुइस अल्वारेझ हे पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. पण उडण्याचा प्रश्न त्यांना अंगभूत कळत होता. १३ जून १९११ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या अल्वारेझ यांनी शिकागोत शिकत असतानाच, १९३३ मध्ये, अवघ्या तीन तासांच्या शिकवणीनंतर एकट्याने विमान उडवले. पुढे आयुष्यभर ते वैमानिक राहिले. त्यांचे वडील वॉल्टर अल्वारेझ हे मेयो क्लिनिकमधील नामवंत डॉक्टर. निवृत्तीनंतर ते वृत्तपत्रांतून आरोग्याचे सदर लिहीत आणि अमेरिकेतील घराघरांत ते वाचले जाई.

युद्धकाळात अल्वारेझ केम्ब्रिजमधील ‘एमआयटी’च्या रडार प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथे १९४१ मध्ये त्यांनी एक नवे रडार काम करताना पाहिले. ते विमानाला पकडे आणि माणसाचा हात न लागता त्याच्यामागे आपोआप वळत राही. ते बनवले होते विमानविरोधी तोफांसाठी. अल्वारेझ यांच्या मनात उलटा विचार आला. ज्या यंत्राला विमान पाडण्याइतकी त्याची अचूक जागा कळते, त्याला ते सुखरूप उतरवण्याइतकीही कळायला हवी. जमिनीवरच्या माणसाने रडारवर विमान पाहायचे आणि रेडिओवरून वैमानिकाला थोडे डावीकडे, थोडे खाली असे सांगत राहायचे. विमानात नवे काहीच बसवायचे नाही. साधा रेडिओ पुरे. मोहिमेवरून थकून परतणाऱ्या वैमानिकाला नवे उपकरण वाचायलाही शिकावे लागणार नाही, ही त्यातली खरी सोय.

आधी त्यांनी माणसाची बाजू तपासली. स्वच्छ हवेत विमानाची दिशा आणि उंची दुर्बिणीतून मोजून सूचना दिल्या. त्या नुसत्या ऐकून वैमानिकांना विमाने नीट आणता आली. मग १९४२ च्या वसंतात दुर्बिणीच्या जागी रडार आले, आणि सगळे बिनसले.

विमान उंचावर असेपर्यंत रडार बिनचूक चाले. खाली येऊ लागले, की ते भलतीकडेच पाहू लागे. कधी विमानाकडे, कधी विमानाच्या बरोबर खाली, जमिनीच्या पोटात! संथ तळ्यावरून बगळा उडाला की पाण्यात दुसरा बगळा दिसतो, तसाच हा प्रकार. रडारचा झोत काही अंश रुंद होता. विमान क्षितिजालगत आले, की त्या झोतात विमानही येई आणि जमीनही. विमानाकडून येणाऱ्या लहरींपैकी काही थेट येत, तर काही जमिनीवर आपटून. आपोआप वळणाऱ्या यंत्राला खरे विमान कोणते आणि प्रतिबिंब कोणते, हे कळायला मार्ग नव्हता. जिथे अचूकतेची सर्वांत जास्त गरज, नेमकी तिथेच फसवणूक.

अल्वारेझ खचले. काम सोडून द्यावे, इथपर्यंत गोष्ट आली. प्रयोगशाळेच्या उभारणीमागचे एक कर्ते पुरुष आल्फ्रेड लूमिस यांनी ते ओळखले. लूमिस हे अजब गृहस्थ होते. वॉल स्ट्रीटवर अफाट पैसा कमावून त्यांनी तो विज्ञानावर उधळला होता. त्यांनी अल्वारेझ यांना बोस्टनमधील रिट्झ हॉटेलात जेवायला बोलावले आणि उत्तर सापडल्याखेरीज झोपायचे नाही, असे दोघांनी ठरवले.

उत्तर सापडले. आपोआप मागे धावणारे रडार सोडून द्यायचे. एकाऐवजी दोन अँटेना घ्यायच्या: एक आडवी, डावे-उजवे पाहणारी, दुसरी उंच उभी, फक्त वर-खाली पाहणारी. अँटेना जितकी उंच, तितका तिचा झोत उभ्या दिशेने अरुंद. अंशाहूनही बारीक अशा त्या झोताने विमान आणि त्याचे जमिनीतले भूत वेगवेगळे दिसू लागले. आता निवड यंत्राने करायची नव्हती. पडद्यासमोर बसलेला माणूस ती करणार होता.

पुढच्या चाचण्या ऱ्होड आयलंडमधील क्वॉन्सेट पॉइंटच्या नौदल तळावर झाल्या. जानेवारी १९४३ च्या सुरुवातीला तिथे हिमवादळाने तळ बंद पडला आणि नौदलाची ‘पीबीवाय’ विमाने हवेतच अडकली. चाचणीसाठी उभ्या असलेल्या गाडीतून सूचना देत त्यांपैकी एक विमान खाली आणले गेले. त्याच वर्षी अल्वारेझ हे यंत्र इंग्लंडला घेऊन गेले. तिथे ते सांभाळणाऱ्या हवाई दलाच्या अधिकाऱ्यांत एक तरुण होता, आर्थर सी. क्लार्क. त्याने पुढे या अनुभवावर कादंबरीच लिहिली. १९४८-४९ च्या बर्लिन कोंडीत, हिवाळी धुक्यातून अन्न आणि कोळसा घेऊन उतरणाऱ्या विमानांना हाच आवाज खाली आणत होता.

नागरी वाहतुकीने मात्र दुसरी वाट धरली. ‘आयएलएस’ पद्धतीत जमिनीवरून निघणारे रेडिओ संकेत विमानातील उपकरणच वाचते. नोबेल (१९६८) आणि डायनासोरांचा अंत लघुग्रहाने झाला हा मुलासोबत मांडलेला सिद्धांत (१९८०), या दोन गोष्टींसाठी जग अल्वारेझ यांना ओळखते. १ सप्टेंबर १९८८ रोजी अन्ननलिकेच्या कर्करोगाने ते गेले.

प्रतिबिंबांचा त्रास ‘आयएलएस’लाही आहेच. अँटेनासमोर एखादे मोठे विमान उभे राहिले, तर त्याच्या अंगावरून परतलेला संकेत उतरणाऱ्या विमानाचा मार्ग वाकडा दाखवू शकतो. म्हणून दाट धुक्याच्या दिवशी उड्डाणासाठी निघालेली विमाने धावपट्टीपासून नेहमीपेक्षा बरीच मागे, वेगळ्या रेषेवर थांबवतात. खिडकीतून पाहणाऱ्या प्रवाशाला तो नुसता खोळंबा वाटतो.