पांडुरंग सदाशिव खानखोजे : शस्त्राकडून बियाण्याकडे

गदर चळवळीच्या संस्थापकांत डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची गणना होते. कृषिशास्त्रज्ञ म्हणून मात्र ते मायदेशापेक्षा मेक्सिकोतच अधिक ओळखले गेले. त्यामुळे त्यांच्या चरित्राचे क्रांतिपर्व आणि कृषिपर्व असे दोन तुकडे पाडले जातात. वस्तुतः ही विभागणी वरवरची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात वर्धा येथे त्यांचा जन्म झाला. ते शाळकरी वयात असतानाच १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्यप्रांत व वऱ्हाड होरपळून निघाले. टिळकांच्या राजकारणाचा संस्कार घेऊन १९०६ च्या सुमारास त्यांनी देश सोडला व जपानमार्गे अमेरिका गाठली. तेथे कॅलिफोर्नियातील एका लष्करी विद्यालयात त्यांनी युद्धविद्या आत्मसात केली, तर ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत शेतीशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. परसत्ता उलथून टाकणे आणि भूक हटवणे ही दोन्ही कार्ये त्यांच्या मनात प्रारंभापासूनच एकत्र नांदत होती.

पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर ब्रिटिश फौजांशी लढताना ते जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. पुढे मॉस्कोत लेनिनची भेट घेऊनही स्वदेशाची वाट मोकळी झाली नाही. अखेर १९२४ मध्ये ते मेक्सिकोत आले.

१९१० च्या क्रांतीनंतर तेथे जमिनींचे फेरवाटप सुरू झाले होते. परंतु जमीन हाती आलेल्या शेतकऱ्याजवळ चांगले बी नव्हते, शास्त्रीय ज्ञान नव्हते. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापन करीत असतानाच खानखोजे यांनी ही उणीव ओळखली. मका हे त्या देशाचे मुख्य अन्न. म्हणून त्यांनी मक्याचा तेओसिंते या रानटी सजातीय गवताशी संकर करण्याचे प्रयोग केले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याला विद्यालयाची पायरी चढणे शक्य नव्हते त्याच्यासाठी त्यांनी खेड्यांत मुक्त कृषिशाळा उभारण्यास हातभार लावला. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर १९२८ मध्ये रंगविलेल्या, भाकरी वाटून खाणाऱ्यांच्या चित्रात खानखोजे यांना स्थान दिले, ते याच नात्याने.

१९४९ मध्ये मध्यप्रांत सरकारने त्यांना कृषिविषयक सल्ल्यासाठी पाचारण केले. तथापि ब्रिटिश अमदानीतील काळ्या यादीत राहिलेले नाव स्वतंत्र भारताच्या दारातही आडवे आले. १९५५ मध्ये ते कायमचे परतले, पण आयुष्यभराच्या अनुभवाला साजेसे कार्यक्षेत्र त्यांना लाभले नाही.

दरम्यान, १९४३ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने मेक्सिकोत निराळे कृषिसंशोधन उभे राहिले होते. त्यातील गव्हाच्या बुटक्या वाणांना खत आणि हमखास पाणी यांची जोड लागे, आणि त्यांचा मोठा लाभ वायव्येकडील ओलिताच्या शेतीला झाला. याच वाणांचे १८,००० टन बियाणे भारताने १९६६ मध्ये आयात केले. बिहार तेव्हा दुष्काळाच्या छायेत होता. पुढच्याच वर्षी नागपूर येथे खानखोजे निवर्तले. मेक्सिकोतील बियाणे भारतात पोचले. पण कोरडवाहू अल्पभूधारकाच्या शिवारात शास्त्र नेऊन पोचविण्याचा जो पाठ खानखोजे यांनी तेथे गिरविला, तो विदर्भाच्या पऱ्हाटीच्या रानात आजही अपुराच राहिला आहे.